जिवंत देखाव्यासाठी तलवार: घरातली जुनी काढायची की नवी घडवून घ्यायची?

तीन वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या आधी आमचा ग्रुप सरावाला रामशेजच्या पायथ्याला जायचा, रविवारी पहाटे सगळे गाड्या काढून दिंडोरी रोडने निघायचे. साल्हेरच्या लढाईचा प्रसंग बसवत होतो. एका मुलाने घरची तलवार आणली होती, पणजोबांची, खंडेनवमीला पूजेत ठेवतात ती. सगळ्यांनी हातात घेऊन बघितली, फोटो काढले, आणि मग कुणीतरी म्हणालं की खरी आहे तर खरीच वापरू ना, हातात घेतल्यावर अंगात काहीतरी वेगळंच येतं. दुसऱ्याच वाराला, तोही जोरात नाही, समोरच्याच्या ढालीवर नुसता टेकवायचा होता, पातं मुठीतून सुटलं आणि गरगरत जाऊन दहा-बारा फुटांवर गवतात पडलं. मूठ त्याच्या हातात तशीच. त्या बाजूला आमच्यातल्या दोघांची लहान मुलं बसलेली असायची, त्या दिवशी ती नेमकी गाडीकडे पाणी आणायला गेली होती. मला अजून तो आवाज आठवला की पोटात गोळा येतो.

ग्रुपमध्ये शस्त्रांचं सगळं मी बघते, त्यामुळे त्या दिवसानंतर मी हा विषय धरूनच बसले. वस्तादांना विचारलं, जुन्या तलवारी दुरुस्त करणाऱ्या शिकलगारांना भेटले, सटाण्याला माहेरी जाऊन आमच्या देवघरातली तलवार नीट मापून काढली, आणि मग दोन नव्या घडवून घेतल्या, त्यातली पहिली चुकली. जे कळलं ते सगळं इथे लिहितेय, कारण आता नाशिकमध्ये, ग्रामीणमध्येही, जिवंत देखावे करणारी पोरं-पोरी खूप वाढलीत आणि प्रत्येकजण तोच प्रश्न विचारतो, जुनी घेऊ की नवी.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. खेळायला जुनी तलवार नाही म्हणजे नाही. आणि नवी म्हणजे सत्काराला देतात ती चकचकीत पण नाही. खेळासाठी म्हणून घडवलेली नवी, आणि तिचा नमुना मात्र जुनीवरून घ्यायचा. आता हे का आणि कसं ते बघू.

ते पातं सुटलं का

आपल्याकडच्या वक्र तलवारीची मूठ आतून पोकळ असते. पात्याचं मुठीत जाणारं शेपूट आखूड असतं, चार-सहा सेंटीमीटर, आणि ते पोकळीत लाख किंवा राळ वितळवून तिच्यात बसवलेलं असतं. बोल्ट नाही, बऱ्याचदा खिळा पण नाही. त्या काळी ही सोयीची गोष्ट होती, मूठ तापवली की लाख मऊ होते, पातं खराब झालं तर बदलता येतं, मूठ तीच राहते. तलवार रोजच्या वापरात होती, शिकलगार गावोगाव फिरत होते, सैल झाली की परत बसवून मिळायची. पण दीडशे-दोनशे वर्षं देवघरात किंवा माळ्यावर पडलेल्या तलवारीतली लाख वाळून ठिसूळ होते, आतल्या आत भुगा होतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मूठ हातात धरून दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याला हळू थाप मारली तर कधी आतून बारीक खळखळ ऐकू येते, पण आवाज आला नाही म्हणजे घट्ट आहे असं समजू नका, आमच्या त्या तलवारीत आवाज नव्हता.

सरळ पात्याच्या मराठा धाटणीच्या तलवारींत, म्हणजे धोप, फिरंगी, खंडा, मुठीपासून पात्यावर दोन्ही बाजूंनी पट्ट्या आलेल्या असतात आणि त्या खिळ्यांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे त्या जास्त घट्ट वाटतात. पण तिथेही खिळ्याखाली गंज शिरलेला असतो, आणि पात्याला आतून चीर असेल तर ती साध्या डोळ्यांनी दिसत नाही. शिवाय दुसरी बाजू पण आहे. पातं पात्यावर एकदा जरी आपटलं तरी धारेला दात पडतो, तो परत भरून निघत नाही. तीनशे वर्षं टिकलेली वस्तू एका दुपारच्या देखाव्यासाठी खराब करायची, हे माझ्या मनाला पटत नाही, आणि घरातल्या मोठ्यांना विचारलंत तर त्यांनाही पटणार नाही.

आधी ठरवा की तुम्ही नक्की काय करणार आहात

दुकानात जायच्या किंवा कुणाला ऑर्डर द्यायच्या आधी हे. तलवार मिरवणुकीत नुसती कमरेला म्यानात राहणार आहे, का मैदानात हातात घेऊन उभं राहायचंय, का दोघांनी एकमेकांवर वार करायचेत? या तीन वेगवेगळ्या तलवारी आहेत. पहिल्यासाठी हलकी, दिसायला बरोबर असलेली चालते. तिसऱ्यासाठी स्टील, मूठ, कड सगळंच वेगळं लागतं.

मग काळ आणि माणूस. साल्हेरची लढाई १६७२ ची, एकीकडे मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर, दुसरीकडे इखलासखान आणि बहलोलखान. वणी-दिंडोरी १६७० ची, रामशेजचा वेढा १६८२ पासूनचा. म्हणजे नाशिककरांना आपल्या जिल्ह्यातलेच प्रसंग करायचे म्हटलं तर बहुतेक सतराव्या शतकाचा उत्तरार्ध येतो. मोगलांच्या बाजूच्या माणसाच्या हातात वक्र तलवार आणि वाटीसारखी चकती असलेली मूठ शोभते, मराठा सरदाराला सरळ लांब धोप किंवा फिरंगी, साध्या मावळ्याकडे तर भाला जास्त खरा वाटतो, प्रत्येकाच्या हातात सोनेरी मुठीची तलवार दिली की सगळे सरदारच दिसायला लागतात. दांडपट्टा हवा असेल तर तो वेगळाच विषय आहे, २०२४ मध्ये तो राज्यशस्त्र झाल्यापासून सगळ्यांना हवा असतो, पण लवचिक पात्याचा पट्टा शिकल्याशिवाय गर्दीत फिरवणं म्हणजे आजूबाजूच्यांच्या जिवाशी खेळ आहे, वस्तादांकडे निदान वर्षभर घालवल्याशिवाय तो देखाव्यात आणू नका.

काळाच्या बाबतीत एक गोष्ट फार लोक चुकतात म्हणून थोडं थांबते. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार परत आणली, साधारण ४७ लाखांना. तिचं पातं युरोपातलं, सरळ आणि एकधारी, त्यावर देवनागरीत रघुजींचं नाव आणि पुढे फिरंग हा शब्द, आणि मूठ मुल्हेरी घाटाची. मुल्हेर म्हणजे आपल्या बागलाणातलं, साल्हेरच्या शेजारचं! ती बातमी वाचली तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, आपल्या तालुक्यातल्या गावाचं नाव एका मुठीला आहे हे मला लहानपणी कुणी सांगितलंच नव्हतं. तर मुद्दा हा की पातं एकीकडचं आणि मूठ दुसरीकडची हे तेव्हा रोजचंच होतं. म्हणून कुणी पातं दाखवून ही शिवकालीन तलवार आहे म्हणाला तरी मूठ शंभर वर्षं नंतरची असू शकते, आणि उलटही. आणि रघुजींची तलवार अठराव्या शतकातली, ती डोळ्यासमोर ठेवून साल्हेरच्या मावळ्याला तसलीच मूठ देऊ नका.

पैसे देण्याआधी कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण टाळू नका. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याचे २०१६ चे नियम, यांच्यात धारदार शस्त्रांच्या यादीत तलवार नावानिशी आहे, पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेली शस्त्रं त्यात येतात. त्याशिवाय शहरात पोलीस आयुक्तांचे आणि ग्रामीणमध्ये जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली, सणावारांच्या आधी हमखास निघतात, बऱ्याचदा पंधरा-पंधरा दिवसांचे, आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी तलवारी, भाले, लाठ्या बाळगायला मनाई असते. शिवजयंतीच्या सुमारास तर तारखा बघूनच चाला. वाढदिवसाला तलवारीने केक कापला म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, तेव्हा बोथट आहे, खेळण्यातली आहे, असं म्हणून सुटू असं धरून चालू नका.

मी काय करते ते सांगते. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी संस्थेच्या लेटरहेडवर पोलीस स्टेशनला अर्ज, त्यात तारीख, वेळ, जागा, किती तलवारी, सगळ्या बोथट, कुणाच्या ताब्यात राहणार त्याचं नाव-नंबर, सोबत तलवारींचे फोटो. अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्यायची आणि परवानगी आली की तिच्या झेरॉक्स प्रत्येक गाडीत. तलवारी घरापासून मैदानापर्यंत बंद पिशवीत, डिकीत, कधीच हातात किंवा बाईकवर पाठीला लावून नाही. घरी ठेवायलाही परवान्याची गरज आहे का हे आपल्या भागाच्या पोलीस स्टेशनला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर राहू नका.

जुनी असेल तर आणखी एक कायदा लागतो, पुरावस्तूंचा, १९७२ चा. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू ही पुरावस्तू, तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भावाला गिफ्ट म्हणून पाठवायची वगैरे विचार असेल तर तिथेच सोडा. आणि शेतात नांगरताना किंवा पाया खणताना काही सापडलं तर ते आपोआप सापडणाऱ्याचं होत नाही, १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, कलेक्टरला कळवावं लागतं. बागलाण, कळवण, दिंडोरी भागात असं सापडतं आणि मग गुपचूप विकलं जातं, याने फार वाईट वाटतं, कारण कुठे आणि कशाबरोबर सापडलं ही माहिती एकदा गेली की ती तलवार मुकी झाली.

जुनी समोर आली तर कशी बघायची

खेळायला नाही घ्यायची म्हटलं तरी जुनी ओळखता आली पाहिजे, एक तर कुणी जुनी म्हणून नवी गळ्यात मारतो, आणि दुसरं म्हणजे उलटंही होतं, घरातली खरी जुनी तलवार लोक नवी समजून पॉलिश पेपरने घासून टाकतात.

पहिल्यांदा गंज बघा. जुना गंज काळपट तपकिरी, घट्ट, आणि त्याखालचे खड्डे कमी-जास्त खोल असतात, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी, कारण ती कुठेतरी भिंतीला टेकून होती, म्यानाच्या तोंडापाशी पाणी शिरलं होतं, असं काहीतरी घडलेलं असतं. ॲसिड टाकून मुद्दाम आणलेला गंज सगळीकडे सारखा, नारिंगी, बोट फिरवलं की हाताला लागतो. मग झीज. मूठ हाताने झिजते, म्हणजे बोटं जिथे बसतात तिथे नक्षी पुसट आणि कोपऱ्यात शाबूत असली पाहिजे. नक्षी सगळीकडेच सारखी पुसट असेल तर ती घासून आणलेली आहे. मुठीवर ओतकामाचा सांधा दिसतो का, बारीक फुगे दिसतात का, पितळी मूठ असेल तर हमखास बघा.

सगळ्यात भरवशाची गोष्ट मात्र पात्याची जाडी आहे आणि ती बघायला आपल्या नाशिकमध्ये काही अवघड नाही, सातपूर-अंबडमध्ये काम करणाऱ्या निम्म्या लोकांकडे व्हर्नियर, म्हणजे जाडी मापायचं साधन, असतं. जुनं पातं मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेलं असतं, घण मारून घडवलंय म्हणून. नवी स्वस्त तलवार शीट कापून केलेली असते, मुठीपाशी ४ मिमी तर टोकालाही ४ मिमीच. म्हणूनच जुनी तलवार बघायला मोठी आणि हातात हलकी, बहुतेक ८०० ग्रॅम ते सव्वा किलोच्या आतली, आणि शीटची तलवार हातात घेतली की टोक खाली ओढतं.

जौहरदार पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी जाळी दिसते, ती खरी पोलादाच्या आतून आलेली असते, पॉलिश केली तरी परत उठवता येते. ॲसिडने वरवर काढलेली जाळी घासली की गेली. पण ही परीक्षा कुणाच्या तलवारीवर स्वतः करून बघू नका, नुसती भिंगातून बघा, वरवरच्या जाळीत रेषा सारख्याच अंतराने परत परत येतात. पात्यावर परदेशी अक्षरं किंवा ठसे दिसले म्हणून हुरळू नका, युरोपातल्या नावाजलेल्या ठशांची नक्कल आपल्याकडे त्या काळातच व्हायची. आणि देवनागरीत ठळक शिवाजी महाराज असं कोरलेलं कुणी बुधवारच्या बाजारात दाखवलं तर हात जोडून पुढे निघा. लोहचुंबकाचा पण काही उपयोग नाही, लोक सांगतात ते ऐकू नका, स्टेनलेसच्या बऱ्याच जातींना चुंबक लागतं.

मूठ तुमच्या हाताला लहान वाटली तर घाबरू नका, ते उलट चांगलं लक्षण आहे, जुन्या मुठी घट्टच असायच्या, चकती मनगटाला टेकायची आणि त्यामुळे वार ओढून बसायचा. काहीजण पहिलं बोट परजेच्या, म्हणजे पातं आणि मुठीमधल्या आडव्या दांडीच्या, पुढून अडकवायचे. आपण देखाव्यात तसं बोट बाहेर काढायचं नाही, समोरच्याचा वार तिथेच येतो.

घरात खरंच जुनी असेल तर काय? घासू नका, लिंबू-चिंच लावू नका, लाख परत भरायला कुठल्याही वेल्डरकडे देऊ नका. हलका गंज असेल तर मशीन ऑइलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने पुसा, बस. सरकारवाड्यात पुरातत्त्व खात्याचं ऑफिस आहे, तिथे जाऊन विचारता येतं, आणि मोठ्या संग्रहात कशा ठेवतात ते बघायचं असेल तर पुण्याचं केळकर संग्रहालय किंवा मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एकदा फक्त तलवारींसाठी म्हणून बघून या, वही घेऊन जा.

नवी घेताना

सत्काराची तलवार सगळ्यांच्या घरी आहे, निकेलचं पाणी, मखमली म्यान. तिचं पातं पातळ मऊ पत्र्याचं, आणि मुठीत बोटभर रॉड वेल्ड करून नटाने आवळलेला. ती जोरात फिरवली तर वेल्डपाशी तुटते, म्हणजे जुनीपेक्षाही वाईट, कारण नवी आहे म्हणून कुणी संशयच घेत नाही. तिला भिंतीवरच राहू द्या.

लढतीसाठी स्प्रिंग स्टील पाहिजे. आपल्याकडे सहज मिळणारं म्हणजे ईएन ४५, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं स्टील. इथे एक चूक मी स्वतः केली, म्हणून स्पष्ट लिहिते. पहिली तलवार मी एका फॅब्रिकेशनवाल्याकडून जुन्या पाट्यातून करून घेतली, स्वस्तात. जुन्या पाट्यात लाखो झटके खाऊन आत बारीक चिरा पडलेल्या असतात, आणि त्याने वरून पातं लाल करून पाण्यात बुडवलं, नंतर परत तापवून मऊ करणं, म्हणजे टेम्परिंग, केलंच नाही. तिसऱ्या सरावाला टोकाचा चार बोटं तुकडा काचेसारखा उडाला. माणसाचा दोष नव्हता, त्याने आयुष्यात तलवार केली नव्हती आणि मी त्याला नीट सांगितलं नव्हतं. तर नवीन स्टील घ्या, सर्टिफिकेटसह, हीट ट्रीटमेंट ही त्याच कामाची जागा असलेल्या ठिकाणी करा, आणि कडकपणा सांगून मागा, रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ४८ ते ५२ च्या आसपास. त्याच्या वर गेलात तर तुटते, खूप खाली आलात तर वाकते आणि वाकलेलीच राहते. नंतर स्वतः तपासा, टोक लाकडावर टेकवून पातं हळू वाकवा, तीन-चार इंच बाजूला गेलं आणि सोडल्यावर सरळ झालं तर ठीक. हे करताना डोळ्यांवर चष्मा आणि समोर कुणी नाही.

शेपूट मुठीच्या पूर्ण लांबीचं, पात्यातूनच निघालेलं, वेल्ड केलेलं नाही, आणि वर चकतीच्या बाहेर येऊन ठोकून रिव्हेट केलेलं. नटाचं चालतं पण मग दर सरावाआधी नट तपासायला लागतो. मूठ घाटाने जुनीच ठेवा, आतून मात्र नवीन, कारण बघणाऱ्याला आतलं दिसत नाही आणि तुमच्या शेजाऱ्याचा जीव आतल्यावरच आहे. विकणाऱ्याला सरळ विचारा, मुठीत काय भरलंय? लाख किंवा नुसती एपॉक्सी म्हणाला तर ती लढतीची नाही. उत्तर देताना अडखळला तरी नाही.

कड निदान २ मिमी जाड आणि गोल, टोक दहाच्या नाण्याच्या कडेसारखं गोलाकार. धारदार पातं आणायचं आणि नंतर बोथट करायचं असं करू नका, धार घासून बोथट केलेलं पातं कडेला पातळच राहतं आणि पहिल्याच आपटण्यात करवतीसारखे दात पडतात. बोथट हे घडवतानाच करायचं.

डेहराडून, उदयपूर या बाजूला तलवारींची कामं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत आणि तिथून ऑर्डर करून घेणारे बरेच ग्रुप आहेत. ऑनलाइन फोटो बघून घेऊ नका, वजन, मुठीपाशीची आणि टोकाची जाडी, तोल मुठीपासून किती अंतरावर, हे चार आकडे मेसेजवर मागा. जो देतो त्याच्याकडून घ्या. माझ्या दुसऱ्या तलवारीला भिंतीवरच्या तलवारीच्या चौपट पैसे गेले, दोन महिने थांबावं लागलं, आणि ती आज तिसऱ्या वर्षीही सरळ आहे. ॲल्युमिनियमच्या तलवारी नाटकवाले वापरतात, हलक्या असतात, लहान मुलांच्या देखाव्याला ठीक आहेत, पण ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांवर कधीच नाही, ॲल्युमिनियमला लगेच दात पडतात आणि ते ब्लेडसारखे कापतात.

घरची जुनी नमुना म्हणून

हे मला सगळ्यात आवडतं. जुनी तलवार खेळायची नाही म्हणून ती निरुपयोगी नाही, तिच्यासारखा शिक्षक मिळणार नाही. खंडेनवमीला तशीही बाहेर काढतोच, पूजा झाली की माहेरी अण्णांना सांगून मी तास-दीड तास मागून घेतला, ते शेजारी बसून बघत होते आणि मध्येच आजोबांच्या गोष्टी सांगत होते.

मोठा कागद पसरा, शाईचं पेन नको, पेन्सिलनेच बाह्यरेषा काढा, पात्याला पेन्सिल टेकू न देता. कणा, म्हणजे पात्याची जाड पाठ, मुठीपासून दर १० सेंटीमीटरवर व्हर्नियरने मापा, व्हर्नियरच्या जबड्यांना मऊ चिकटपट्टी लावून. आमची मुठीपाशी ६.५ मिमी, मधे ४.२, टोकाच्या वीतभर आधी २.४ निघाली. किचनच्या वजनकाट्यावर वजन, ९४० ग्रॅम. बोटावर आडवी ठेवून तोल कुठे आहे ती खूण कागदावर. वाक किती ते बघायला मुठीपासून टोकापर्यंत दोरा ताणा आणि दोऱ्यापासून कण्याचं सगळ्यात जास्त अंतर घ्या. पिपळ्याकडे, म्हणजे टोकाच्या बाजूला, पातं रुंद होतंय का तेही. मुठीच्या आतला घेर, आणि फोटो चारही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून.

हा कागद कारागिराला दिला की अर्धं काम झालं. बोथट कड जाड असल्यामुळे नव्या तलवारीचं वजन थोडं वाढतंच, माझी १ किलो १०० ग्रॅम झाली, पण टोकाकडे पातळ करत नेल्यामुळे तोल जवळजवळ तोच राहिला आणि फिरवताना हात आपोआप जुन्या पद्धतीने वळतो, टोचण्याऐवजी ओढून कापायची चाल होते. मूठ मात्र मी एक सेंटीमीटर मोठी घेतली, कारण हातमोजा घालावा लागतो. वस्तादांनी हातात घेतली, दोन फेर मारले आणि म्हणाले, "पोरी, ही ऐकते." मला त्याच्याहून मोठी पावती नको होती.

जुनी मूठ आणि तिच्यात नवं पातं, असं करून देतो म्हणणारे भेटतील. करू नका. मूठ तापवताना जुनं सोनेरी किंवा चांदीचं काम जातं आणि शेवटी मूठ ती जुनीच, तिच्यात चीर असेल तर असेलच.

मैदानात

तलवार आली म्हणून लगेच लढत नाही. पहिले दोन महिने फरी-गदक्यावर, जुने लोक पण तसेच शिकायचे, चामडं गुंडाळलेली काठी आणि लहान ढाल. मग स्टील, पण वार ठरवून, मोजून, निम्म्या वेगाने, आणि वार नेहमी समोरच्याच्या ढालीवर किंवा ठरलेल्या जागी, डोक्याच्या उंचीला कधीच नाही. प्रेक्षकांपासून निदान पंधरा-वीस फूट, मधे दोरी, आणि दोरीपाशी ग्रुपमधलाच एक माणूस उभा, जो फक्त लहान मुलांवर लक्ष ठेवतो.

प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर तलवार एका माणसाच्या हातातून जाते, आमच्यात माझ्या. कडेवर कापसाचा बोळा फिरवायचा, कापूस अडकला की तिथे दात आहे, बारीक कानसने गोल करायचा, दात मोठा असेल तर ती तलवार त्या दिवशी बाहेर. मूठ पिळून बघायची. पेटीत कानस, कापूस, तेल, फडकं, प्रथमोपचार, आणि परवानगीची झेरॉक्स, एवढं असलंच पाहिजे.

आणि आपल्याकडचा पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तलवार चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पात्याला आतून खातं, बाहेरून कळत पण नाही. पातं पुसून, घामाचे ठसे राहू न देता, मशीन ऑइलचा पातळ हात आणि सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर. दर पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघायची. मी अमावस्या-पौर्णिमा धरून करते म्हणजे विसरत नाही, आणि सटाण्याला अण्णा पण आता तसंच करतात, फोन करून सांगतात, पुसली गं, ठीक आहे.